सल्या, औरंगजेब आणि आपण

'सैराट' मी धुळ्यात पाहिला, २०१६च्या मे महिन्यात. तेव्हा कॉलेजात होतो. 'छावा' जळगावात पाहिला, २०२५च्या फेब्रुवारीत, कामावरच्या दोन मित्रांसोबत. दोन्ही वेळा थिएटर खचाखच भरलेलं होतं आणि दोन्ही वेळा माझे डोळे ओले झाले. पण पहिल्या वेळी बाहेर पडलो तो एक साधा प्रेक्षक म्हणून. दुसऱ्या वेळी बाहेर पडताना मी 'मुसलमान प्रेक्षक' झालो होतो.

'छावा' संपल्यावर आम्ही चहाच्या टपरीवर थांबलो. एका मित्राने विचारलं, "कसा वाटला रे?" प्रश्न साधाच. मी मात्र क्षणभर अडखळलो. फार कौतुक केलं तर दाखवण्यापुरतं वाटेल का? एखादी खोट काढली तर 'त्याची' बाजू घेतली असं होईल का? मित्राच्या मनात यातलं काहीही नव्हतं. हा सगळा हिशोब माझ्याच डोक्यात चालू होता. तुमच्यापैकी अनेकांनी तो केला असेल, म्हणून हे लिहितो आहे.

आधी 'सैराट'बद्दल. नागराज मंजुळे यांनी करमाळ्याच्या मातीतली गोष्ट सांगितली. आर्ची पाटलाची, परश्या मासेमाराचा. पण माझ्या आठवणीत घट्ट बसला तो सल्या. अरबाज शेखने केलेला हा परश्याचा मित्र सिनेमाभर मित्रच राहतो. तो देशभक्तीवर भाषण देत नाही, कुणासाठी शहीद होत नाही, बॉम्बही ठेवत नाही. मित्रासाठी धावपळ करतो, मार खातो आणि गावची मराठी बोलतो. आपणही दुकानात मराठी, खेड्यावर अहिराणी आणि घरात आपली उर्दू बोलणारी माणसं. पडद्यावर आपल्यासारखा मुलगा इतक्या सहजपणे मी क्वचितच पाहिला होता.

'सैराट'ने मला घरातलाही एक प्रश्न विचारला, आणि तो अजून सुटलेला नाही. आर्चीसाठी आपण रडलो. पण आपल्याकडे मन्यार, पिंजारी, बागवान, खाटीक, तडवी अशा बिरादऱ्या आहेतच ना? बिरादरीबाहेरचं स्थळ आलं की घरात काय होतं? निकाहात मुलीची कबुली विचारतात, पण ती कबुली देण्याआधी तिला खरंच कुणी विचारलेलं असतं का? जातीची भिंत फक्त पाटलाच्या वाड्याला आहे असं समजून बाहेर पडलो असू, तर आपण सिनेमा अर्धाच पाहिला.

'छावा'ची गोष्ट वेगळी. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ला आला. संगीत ए. आर. रहमान यांचं, गीतं इर्शाद कामिल यांची. सुरुवातच बुऱ्हाणपूरच्या छाप्याने होते, म्हणजे आपल्याच उंबऱ्यावर. बुऱ्हाणपूर ही तेव्हा मुघलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी होती. शेवटचा छळ पाहताना मी मान खाली घातली. ११ मार्च १६८९ला संभाजी महाराजांना ज्या क्रौर्याने मारलं, त्याचं दुःख करायला मला कुणाची परवानगी लागत नाही. ते दुःख मराठी माणसाचं आहे, म्हणून माझंही आहे.

अडचण सिनेमानंतर सुरू झाली. मार्चमध्ये असीरगडाच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन मुघलांचं सोनं खणायला निघाले. त्यावर आपण हसलो. त्याच महिन्यात, १७ तारखेला, औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात हिंसाचार झाला आणि पुढे एका माणसाचा जीव गेला. 'छावा'मुळे औरंगजेबाविरुद्धचा राग उफाळून आल्याचं मुख्यमंत्र्यांनीच विधानसभेत सांगितलं. हा राग तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहापर्यंत पोहोचत नाही. तो वाटेत आपल्या मोहल्ल्यात थांबतो.

म्हणून एक गोष्ट स्वच्छ बोलू या. औरंगजेब माझा कुणी लागत नाही. त्याने सख्ख्या बापाला कैदेत ठेवलं, भावाला ठार करवलं. त्याचा मुलगा अकबर बंड करून निघाला तेव्हा त्याला आसरा दिला संभाजी महाराजांनी. शिवरायांच्या आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग होते, तर मुघलांच्या फौजेत राजपूत आणि मराठे सरदारही. ती लढाई राज्यांची होती. आपले पूर्वज तेव्हा बहुधा कापूस पिंजत असतील, बांगड्या विकत असतील आणि इतर रयतेसारखाच सारा भरत असतील. त्या बादशहाची वकिली आपल्याकडे नाही, आणि त्याच्या गुन्ह्याची शिक्षाही आपल्या नावावर नाही. २०२३च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं, हे विसरू नका. चिडवण्यासाठी औरंगजेबाचा फोटो लावणारा मुलगा आपल्याच माणसांना संकटात घालतो.

मग गप्प बसायचं का? मुळीच नाही. सिनेमातल्या चित्रणावर शिर्के घराण्याने हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी माफी मागितली. महाराजांच्या लेझीम नृत्याच्या दृश्यावर आक्षेप आला, तेव्हा ते काढलं. सनदशीर हरकत ऐकली जाते. आपणही तशीच घ्यावी, नीट वाचून आणि मराठीत. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्या इतिहासाचार्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करण्यात आयुष्य घातलं, त्यांचं नाव त्या संस्थेला आहे. तिथपर्यंतचं एसटीचं तिकीट सिनेमाच्या तिकिटापेक्षा महाग नसेल.

आणि त्या दिवशी टपरीवर? शेवटी मी मनातलं सगळं सांगितलं. मरणाचा प्रसंग पाहवला नाही, विकी कौशल आवडला, समोरच्या फौजेत फक्त राक्षसच दिसले हे खटकलं आणि तुझ्या प्रश्नाला उत्तर देताना मी घाबरलो, हेही. मित्र जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्यासमोर घाबरलास?" त्याला ते लागलं होतं. दुसरा चहा आला आणि आम्ही तासभर बोलत बसलो. सल्या आणि परश्या जसे बोलले असते, तसे.