विश्लेषण : हातपाय धड, पण कामे अडली… मेंदूच्या इजेवर सात दिवसांचे उपचार पुरेसे आहेत?

रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राने ५ मे २०२५ रोजी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. जीव वाचवण्यासाठी ही मदत मोलाची आहे. मात्र डोक्याला मार लागलेल्या अनेकांची खरी अडचण घरी परतल्यावर सुरू होते.

नेमके काय बिघडते?

मेंदूचा पुढचा भाग आणि त्याला इतर भागांशी जोडणारे तंतू धक्क्याने दुखावतात. मग कामाची आखणी, सुरुवात, चूक लक्षात येणे, राग आवरणे या क्षमता कोलमडतात. त्यांनाच ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’ म्हणतात. रुग्ण नीट बोलतो, जुने सगळे सांगतो. पण कुणी उठवल्याशिवाय आंघोळीलाही जात नाही. घरचे त्याला आळशी ठरवतात. सीटी स्कॅन नॉर्मल असला तरी हे घडू शकते, कारण तंतूंची सूक्ष्म इजा त्यात बऱ्याचदा दिसत नाही.

उपचार कोणते?

हमखास औषध नाही. मेथिलफेनिडेटने काहींचे लक्ष आणि विचारांचा वेग सुधारतो, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ‘ब्रेन गेम’च्या ॲपवर पैसे घालवण्यापूर्वी विचार करावा : स्कोअर वाढतो, म्हणून रोजचे व्यवहार सुधारतातच असे नाही. अधिक आधार आहे तो ‘गोल मॅनेजमेंट ट्रेनिंग’सारख्या पद्धतींना. थांबायचे, काय करायचे ते स्वतःला सांगायचे, कामाचे तुकडे पाडायचे, करायचे आणि मध्येच तपासायचे. हा सराव खऱ्या कामांवर, म्हणजे वीजबिल भरणे, बाजारहाट यांवर हवा.

साधी आठवणही उपयोगी पडते. ब्रिटनमधील २००१ च्या ‘न्यूरोपेज’ अभ्यासात स्मरण आणि आखणीच्या अडचणी असलेल्या १४३ जणांना पेजरवर संदेश पाठवले गेले. प्रयोग पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांची रोजची कामे लक्षणीय सुधारली. आज तेच काम मोबाइलचा अलार्म करतो. तो लावून देणारे माणूस मात्र लागते.

अडते कुठे?

हे उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि त्यासाठीचे न्यूरोसायकॉलॉजिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत अपघाती मेंदू-इजेची स्वतंत्र नोंद नाही. नुकसानभरपाईबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘राजकुमार विरुद्ध अजय कुमार’ खटल्यात स्पष्ट केले, की केवळ शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी नव्हे, तर कमाईच्या क्षमतेवर झालेला परिणाम पाहावा. त्यामुळे दावा दाखल करणाऱ्या कुटुंबाने न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करून तिचा लेखी अहवाल मागून घ्यावा. डिस्चार्ज कार्डावर ही चाचणी कुणी लिहून देईलच, याची खात्री नाही.