वाण लागतो, गुण लागत नाही

गेल्या वर्षी मेपलच्या एका फळीसाठी मी २४ हजार रुपये मोजले. त्यात कस्टम ड्युटीही आली. पार्सल घरी आलं तेव्हा आई समोरच होती. फळी हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "एवढ्याशा लाकडाला एवढे पैसे? का रे?"

मी लगेच सांगितलं, "आवाज चांगला येतो गं याने."

हे खोटं होतं. त्या क्षणी मला ते अर्धवट माहीत होतं, आता पूर्ण माहीत आहे. या लेखाचं भांडण त्या एका वाक्याशी आहे. ते वाक्य माझं एकट्याचं नाही, गिटारींचा अख्खा बाजार त्याच्यावर उभा आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि शनिवार-रविवार गच्चीत इलेक्ट्रिक गिटार बनवतो. आतापर्यंत दोनच झाल्यात, त्यामुळे स्वतःला कारागीर वगैरे म्हणवून घेत नाही. पण लाकडाला रंग चढवताना जे कळलं ते सांगण्याइतके हात नक्कीच निळे झालेत.

आधी फळीबद्दल. साध्या मेपलमध्ये तंतू सरळ जातात. काही झाडांत ते सरळ न जाता नागमोडी वाढतात. असं लाकूड चिरून गुळगुळीत केलं की पृष्ठभागावर काही ठिकाणी तंतू आडवे पडलेले असतात आणि काही ठिकाणी त्यांची तोंडं वर आलेली असतात. आडवे तंतू प्रकाश परत फेकतात, उभी तोंडं तो गिळतात. म्हणून पट्टे दिसतात. फळी तिरकी केली की उजळ पट्टा काळोखतो आणि काळा उजळतो. धूपछाव पैठणी उन्हात हलवून पाहिली असेल, तर काय म्हणतोय ते कळेल. गिटारवाले याला फ्लेम म्हणतात. मी लहर म्हणतो.

कच्च्या लाकडात ही लहर फिकी असते. ती उठवायची असेल तर रंग लागतो, आणि इथे पहिली चूक बहुतेक सगळे करतात. मीही केली. हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनरचा डबा आणला आणि फासला. लहर गायब. कारण त्यात पिगमेंट होतं. पिगमेंट म्हणजे पाण्यात कालवलेली हळद. ती विरघळत नाही, तळाशी बसते. तसेच त्याचे कण तंतूंवर बसतात आणि प्रकाशाची वाट अडवतात. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर. तो तंतूंच्या आत जातो आणि वरचा पृष्ठभाग मोकळा राहतो.

मग मी आमच्या सोसायटीत दारं पॉलिश करायला येणाऱ्या काकांना गाठलं. स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या रंगाच्या पुड्या त्यांनीच दिल्या. रीत थोडक्यात अशी आहे. सँडपेपर १२० पासून २२० नंबरपर्यंत मारायचा आणि थांबायचं. हौसेने ४०० पर्यंत गेलात तर लाकूड इतकं घोटलं जातं की रंग आत शिरत नाही. मग ओल्या फडक्याचा हात फिरवायचा. तंतू फुगून उभे राहतात. वाळले की ते हलकेच घासून टाकायचे. त्यानंतर पहिला हात काळ्या रंगाचा. हो, काळ्या. २४ हजारांच्या फळीवर काळा रंग ओतताना पोटात गोळा येतो. पण तंतूंची तोंडं वर आहेत तिथे तो खोल जातो, आडव्या तंतूंवर वरवर राहतो. वाळल्यावर पुन्हा घासायचं. वरवरचा निघून जातो, खोल गेलेला राहतो, आणि लहरीची प्रत्येक रेघ काळ्या शाईने आखल्यासारखी समोर येते. मग त्यावर खरा रंग.

मी निळा घेतला. ओला असताना तो इतका सुंदर दिसला की मी फोटो काढून चौघांना पाठवला. वीस मिनिटांत स्पिरिट उडालं आणि त्याची राख झाली. फिका, खडूसारखा, मेलेला निळा. काका म्हणाले, "घाबरू नको. लॅकरचा हात बसला की उठतो परत." उठला. पण मेपल मुळातच पिवळसर, लॅकरची झाकही पिवळी, आणि पिवळ्यावर निळा चढला की हिरव्याकडे झुकणारच. माझा निळा मोरपंखी झाला. कातरलेल्या तुकड्यावर आधी लॅकरसकट करून बघ, असं काकांनी दोनदा बजावलं होतं. मी ऐकलं नव्हतं. शिवाय कडेला फेविकॉलचा एक थेंब सांडून सुकला होता. तिथे रंग बसलाच नाही. नखाएवढा पांढरा डाग अजून आहे.

हे सगळं करताना काकांनी मला एक प्रश्न विचारला होता. "हे एवढं कशासाठी? लाकूड वाजतंय का? वाजतीये ती तार." मी त्यांनाही आवाजाचं तेच पुराण ऐकवलं. ते हसले आणि बोळा फिरवत राहिले.

काका बरोबर होते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारेखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेटोळ्यांत वीज तयार होते, ती अँपमध्ये जाते. सतारीचं तसं नाही. तिथे तबलीची जाडी आणि भोपळ्याची पोकळी हाच आवाज. तिथे लाकडाबद्दल हळवं होणं समजू शकतं. ठोस लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकडाचा वाटा शून्य असतो असंही मी म्हणत नाही. वेगवेगळ्या जातींच्या लाकडांत प्रयोगशाळेत फरक मोजता येतो. पण बाजारात पैसे जातीचे घेतले जात नाहीत, लहरीचे घेतले जातात. त्याच जातीची, त्याच मापाची साधी फळी मला ६ हजारांना मिळाली होती. वरचे १८ हजार फक्त तंतू वाकडे वाढल्याचे. त्यातही गंमत अशी की तंतू वाकडे असले की लाकूड लांबीच्या दिशेने कमी ताठ होतं, आणि रंधा मारताना त्याचे ढलपे निघतात ते वेगळंच. यांत्रिक अर्थाने हा दोष आहे. तो दोष ध्वनीचा गुण म्हणून विकला जातो.

माझ्याकडे दोन बॉडी होत्या, एक साध्या मेपलची आणि एक लहरीची. मागचं लाकूड दोन्हींना सारखंच. दोन्हींवर आळीपाळीने तीच नेक, तेच पिकअप, तोच ब्रिज बसवला, त्याच जाडीच्या नव्या तारा चढवल्या आणि वीस तुकडे रेकॉर्ड केले. आमच्या बँडमधल्या मित्राला न सांगता ऐकवले. वीसपैकी अकरा त्याने बरोबर ओळखले. मी नऊ. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी एवढंच झालं असतं. याला शास्त्र म्हणणार नाही, पण १८ हजारांचा फरक असा लाजून कोपऱ्यात बसायला नको होता.

माझं सोडा, इतिहास बघा. गिब्सनची लेस पॉल गिटार १९५२ साली आली. वरचा थर मेपलचा, आणि त्यावर सोनेरी रंग. अपारदर्शक. आत लहर आहे की नाही हे दिसायचा प्रश्नच नव्हता, आणि तिच्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. १९५८ मध्ये कंपनीने सोनेरी रंग काढून आरपार दिसणारा लाल-पिवळा सनबर्स्ट दिला, तेव्हा लहर लोकांना दिसली. विक्री काही वाढेना, म्हणून १९६० मध्ये हे मॉडेलच थांबवलं. आज त्या तीन वर्षांतल्या गिटारी लाखो डॉलरना जातात. त्यांतली एक 'ग्रीनी' नावाने प्रसिद्ध आहे. आधी पीटर ग्रीन, मग गॅरी मूर, आता मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे. तिचा तो नाकात बोलल्यासारखा आवाज जगभर नावाजला गेला. त्याचं कारण काय? एका पिकअपमधलं चुंबक उलटं बसलं होतं.

त्या गिटारींमधला लाल रंग उन्हाने उडाला. पिवळा टिकला. कुठे लिंबाचा रंग उरला, कुठे मधाचा. आज तोच उडालेला रंग नव्या गिटारीवर मुद्दाम मिसळून चढवतात आणि त्याचे जास्त पैसे घेतात. रंगाचं दुकान आहे हे, आणि त्यात वाईट काही नाही. पाटीवर मात्र 'आवाज' लिहिलेलं आहे.

व्हायोलिनवाल्यांनी निदान तपासून तरी पाहिलं. २०१० मध्ये इंडियानापोलिसच्या एका हॉटेलच्या खोलीत २१ वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल चढवले आणि त्यांच्या हातात तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिनं दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरी होती. जुनं कोणतं हे बहुतेकांना ओळखता आलं नाही, आणि सगळ्यात कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हरीला. हे तर ज्यात लाकूडच वाजतं असं वाद्य.

आपल्याकडे म्हण आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. गिटारच्या बाजाराने ती उलटी करून विकली आहे. वाण दिसतोय ना, मग गुण असणारच, असं.

आता दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक शुद्धतावाद्यांचा: रंग म्हणजे भेसळ, लाकूड नैसर्गिकच ठेवावं. तुमचं ते 'नैसर्गिक' लॅकरही पिवळी झाक देतंच, मग निळ्यानेच काय घोडं मारलंय? शिवाय ज्या अ‍ॅनिलिनपासून कृत्रिम रंगांचा धंदा सुरू झाला, ते अ‍ॅनिलिन पहिल्यांदा निळीतूनच काढलं गेलं. त्याच्या नावातही आपली नीळच आहे. संस्कृत 'नील' अरबीतून पोर्तुगीजमध्ये 'अनिल' होऊन पोचलं. निसर्ग आणि कृत्रिम यांच्यातली रेघ तुम्हाला वाटते तितकी जाड नाही.

दुसरा आक्षेप जास्त चलाख: आवाजाचा संबंध नसेल तर लहरीचा फोटो छापून चिकटव, स्वस्तात होईल. तशा गिटारी मिळतातही. पण फोटो हलत नाही. खिडकीशी नेऊन तिरका केला तरी पट्टा जागचा सरकत नाही. मला ते सरकणं हवं होतं. आणि इथेच माझा मुद्दा येतो: मला ते डोळ्यांसाठी हवं होतं, एवढं कारण पुरेसं का नाही?

आपल्या घरांत ते पुरत नाही. मला चित्रकला आवडायची, मी इंजिनिअर झालो, कारण चित्रकलेचा 'उपयोग काय' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक सुंदर गोष्टीला उपयोगाचं सर्टिफिकेट जोडायची सवय लागली. महागडा कीबोर्ड घेतला, सांगितलं बोटं दुखत नाहीत. लहरीची फळी घेतली, सांगितलं आवाज येतो. विकणाऱ्याला ही सवय नेमकी माहीत असते. तो फळीसोबत सबबही पाठवतो. मला विकणाऱ्याने तर या लाकडाचा आवाज 'त्रिमितीय' असतो असं लिहून पाठवलं होतं.

ही सबब निरुपद्रवी असती तर हसून सोडून दिली असती. पण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक नॅशनल फॉरेस्टमध्ये २०१८ च्या ऑगस्टमध्ये आग लागली. ३,३०० एकर जळालं, विझवायला सुमारे ४२ लाख डॉलर लागले. त्या भागात बिगलीफ मेपलची झाडं चोरून तोडली जात होती, वाद्यांच्या लाकडासाठी. असे चोर साल सोलून आत लहर आहे का बघतात. विकलेल्या फळ्यांचा डीएनए जंगलातल्या बुंध्यांशी जुळवला गेला आणि २०२१ मध्ये ज्युरीने एकाला चोरीसाठी दोषी ठरवलं. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की झाडातलं गांधीलमाश्यांचं पोळं जाळताना आग लागली. त्या आरोपावर ज्युरीचं एकमत झालं नाही. चोरी मात्र सिद्ध झाली.

माझी फळीही बिगलीफ मेपलचीच. तिच्या बिलावर जात आहे, माप आहे, 'चार ए' असा ग्रेड आहे. तो ग्रेड विकणाऱ्याने स्वतःच दिलाय आणि तो फक्त दिसण्याचा आहे. जंगलाचं नाव नाही. मी विचारलंही नव्हतं. 'आवाजासाठी हेच लागतं' असं एकदा ठरलं की गरज तयार होते, आणि गरजेपुढे माणूस बिल नीट वाचत नाही. 'मला हे दिसायला आवडतं' असं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता: आवडतं, पण कुठून आलंय? एवढं लागतंय का? पातळ थर चालेल का? हौसेला असे प्रश्न विचारता येतात.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. विकणाऱ्यांनी लिहावं: दिसायला सुंदर, अमुक जंगलातून आलेलं. घेणाऱ्यांनी म्हणावं: दिसायला घेतलं. आणि रंग देणाऱ्याला, मग तो कारखान्यात असो की सोसायटीच्या जिन्यात दारं पॉलिश करत असो, त्याच्या कामाचं श्रेय मिळावं. ती लहर झाडाची असेल, पण डोळ्यांपर्यंत ती त्याने पोचवली.

मागच्या रविवारी आईला गिटार दाखवली. तिने ती खिडकीशी नेली, तिरकी केली, पट्टे सरकताना बघत राहिली. वाजवून दाखव असं म्हणालीच नाही. मीच म्हणालो, "आई, आवाजाचं खोटं होतं. दिसायला आवडली म्हणून घेतली."

"मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली. आणि मग, गिटार खाली ठेवता ठेवता, "कडेला हा पांढरा डाग कसला रे?"