झाड राखणाऱ्याने खायचे काय?



ज्वारी निसवली की आपण माळ्यावर चढून गोफण फिरवतो. पाखरू म्हणजे कणसाचा वैरी, एवढाच आपला हिशेब. मग कोकणच्या जंगलातली पाखरे कमी झाली तर कापूस-ज्वारीवाल्याला त्याचे काय? पुष्कळ आहे. तिथे झाडाच्या मालकावर जो डाव टाकला आहे, तोच उद्या आपल्या बांधावर येणार आहे.

सुरुवात विजयदुर्गापासून करू. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, वाघोटण खाडीच्या मुखाशी हा किल्ला. मराठ्यांचे आरमार इथे नांदले. जवळच गिर्ये येथे गलबतांची गोदी होती. आरमाराला लाकूड लागते, तेही थोडेथोडके नव्हे. तरीही अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावले की रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयत ती लेकरासारखी वाढवते. एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, पैसे मोजून न्यावे; बळजोरी करू नये. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्याला जे उमजत होते, ते आजच्या सरकारला उमजत नाही.

सिंधुदुर्गातले पुष्कळसे जंगल खाजगी मालकीचे आहे. उभ्या जंगलाचे मालकाच्या हाती काय पडते? काही नाही. तोडले तर ठेकेदार रोख मोजतो. त्या जागी देवगड-विजयदुर्गाकडे हापूस, दोडामार्गाकडे काजू नाहीतर रबर लावले, तर वर्षाला चार पैसे दिसतात. जंगल गेले ते या हिशेबाने. कुऱ्हाडीवर आपलाही हात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो हात कोणी हलवला, हेही विचारले पाहिजे.

बाग हिरवी दिसते, पण पाखराच्या लेखी ते जंगल नव्हे. धनेशाची मादी जुन्या, जाड झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि पिले मोठी होईपर्यंत नर तिला बाहेरून फळे भरवतो. ढोली हवी तर म्हातारे झाड हवे, फळे हवीत तर वड-उंबरासारखी नाना जातींची झाडे हवीत. रबराच्या रांगेत ना ढोली, ना फळ, ना खालची झुडपे. तिथून धनेश उठतो, सुतार उठतो. कुठेही भागवून घेणारे कावळे-बुलबुल तेवढे उरतात. फळ खाऊन बी दूर टाकणारा धनेश गेला, की जंगलाची पेरणीही थांबते.

आता जंगल बिघडल्याचा दुसरा फटका पाहा. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मेली आणि पाठोपाठ माणसांना ताप आला. तोच हा माकडताप. विषाणू रशियातल्या एका रोगाच्या विषाणूसारखा दिसला, म्हणून आधी आळ आला परदेशी पाखरांवर. सलीम अलींच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हजारो पाखरांच्या पायांत कडी घातली. पाखरांवरचा गुन्हा काही शाबीत झाला नाही. रोग पसरवणारी निघाली जंगलातलीच गोचीड. जंगलाचे तुकडे पडतात, मध्ये बागा होतात, गुरे आत चरायला जातात. गुरांच्या रक्तावर गोचीड पोसते आणि वाढते. माकड मरून पडले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात आणि तिथे जाणाऱ्या माणसाला चावतात. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत, २०१६ मध्ये दोडामार्गात आणि पुढच्या वर्षी बांद्याकडे हा ताप आला. आजारी कोण पडले? काजूच्या बागेत राबणारे, लाकूडफाटा आणि पातेरा गोळा करणारे. यावर आजही नेमके औषध नाही. जुनी लस पुरेशी उपयोगी ठरत नाही म्हणून २०२२ मध्ये कर्नाटकाने ती बंद केली.

सरकारचे उत्तर काय? झाडतोडीचा कायदा १९६४ चा, खाजगी वने ताब्यात घेण्याचा १९७५ चा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे २०१४ पासून निघताहेत आणि बासनात जाताहेत. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडतोड रोखण्याचा आदेश दिला. जंगल वाचलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. वाद एवढाच, की वाचवायचे कोणाच्या खर्चाने? शहराला स्वच्छ हवा, धरणाला पाणी, पर्यटकाला धनेशाचा फोटो. आणि मालकाच्या हाती मनाईची नोटीस!

आपलेही असेच आहे. बांधावरची बाभूळ आणि लिंब आपण विकले, कारण कर्ज उभे होते. झाडावर बसणारा कोतवाल गेला. आता कृषी विद्यापीठे सांगतात, अळी खाणाऱ्या पाखरांसाठी कपाशीत पक्षीथांबे लावा! पाखराचे काम फवाऱ्याने करायला गेलो आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने शेतकरी-शेतमजूर मेले. ज्वारीला भाव नाही म्हणून पेरा घटला. उरलेल्या चार वावरांवर साऱ्या शिवाराची पाखरे उतरतात, मग तोही शेतकरी ज्वारी सोडतो. दोष मात्र पाखराला.

म्हणून जिल्हा बैठकीत आपण तीन गोष्टी मांडू. एक : जुने झाड आणि खाजगी जंगल राखणाऱ्याला दरवर्षी रोख मोबदला. दोन : माकड मेल्याची खबर देताच गावात तपासणी, आणि तापाने आडव्या झालेल्या मजुराला फुकट उपचार व बुडालेली मजुरी. तीन : जंगली जनावराने पीक खाल्ले तर बाजारभावाने पूर्ण भरपाई.

कोकणच्या भावाचा प्रश्न आपलाच आहे. झाड तोडल्यावर पैसा आणि राखल्यावर नोटीस, हा हिशेब उलटा होईल त्या दिवशी धनेश आपोआप परत येईल. आम्ही बक्षीस मागत नाही. राखणीचे दाम मागतो.