फुफीचा आजार, अब्बांचं रक्त

गेल्या महिन्यात विज्ञानाच्या मॅडम रजेवर होत्या, म्हणून दहावीचा एक तास आमच्याकडे आला. आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे. पण पाठ आनुवंशिकतेचा होता आणि शजरा काढणं तर आमच्या घराघरांत ठाऊक. मुलींना सांगितलं, दादा-दादी, नाना-नानी, चाचा, फुफी, मामू, खाला सगळे लिहा, आणि कुणाला कोणता मोठा आजार झाला तेही लिहा. बहुतेकींनी शुगर आणि बीपी लिहून काम संपवलं. एका मुलीने मात्र वही झाकून घेतली.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. दादी ४४ व्या वर्षी गेली, स्तनाच्या कॅन्सरने. फुफीला ३८ व्या वर्षी तोच आजार झाला, आता ती बरी आहे. "टीचर, मलाही होणार का?" अम्मीला विचारलंस का, असं आम्ही म्हटलं. "अम्मी म्हणते, ते अब्बांच्या घरचं आहे. मुलीला आईकडून येतं, तू घाबरू नकोस."

अम्मीचं चुकत होतं एवढं आम्हाला कळलं, पण बरोबर काय ते त्या क्षणी नीट सांगता आलं नाही. मग दोन रात्री वाचलं, डॉक्टर झालेल्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला, आणि रविवारी त्यांच्या घरी गेलो.

जे समजलं ते असं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्यात असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं स्त्री-पुरुष सगळ्यांत असतात. पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं हे त्यांचं काम. एका प्रतीत जन्मापासूनच दोष असेल तर दुरुस्तीचा भार दुसरीवर पडतो, आणि तीही एखाद्या पेशीत बिघडली की कॅन्सरला वाट मिळते. ही जनुकं १७ व्या आणि १३ व्या गुणसूत्रावर आहेत. म्हणजे त्यांचा मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी संबंध नाही. दोष असलेल्या बापाकडून तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी, अगदी आईइतकीच. बाप स्वतः ठणठणीत असेल, म्हणून कुणाला शंका येत नाही. मात्र पुरुषांनाही स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कॅन्सर होतो, आणि बीआरसीए-२ मध्ये दोष असेल तर त्याचा धोका वाढतो.

हे शोधलं गेलं तेही शजऱ्यांवरूनच. अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग या बाईंनी १९७० च्या दशकात हे काम हाती घेतलं, तेव्हा स्तनाचा कॅन्सर एका जनुकामुळे घराण्यात उतरतो हे बहुतेक शास्त्रज्ञांना पटत नव्हतं. १९९० मध्ये त्यांनी २३ घराण्यांतल्या १४६ रुग्णांचा हिशेब मांडून दाखवला की दोषाची जागा १७ व्या गुणसूत्रावर आहे. आमच्या वर्गातल्या वह्यांत आणि त्या कागदांत फरक एवढाच, की त्यांच्या घराण्यांनी आजार लपवले नाहीत.

इथे लपवले जातात. या मुलीच्या दादीचा आजार बिरादरीत "पोटाचा" म्हणून सांगितला गेला होता. कारण सगळ्यांना माहीत आहे: घरात लग्नाच्या मुली, रिश्ता कोण आणणार? अम्मीने चहा ठेवता ठेवता आम्हालाही तेच विचारलं. तिची भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. आम्ही फक्त विचारलं, दादीचं खरं नाव फुफीला वेळेत कळलं असतं तर ती गाठ अंगावर काढत बसली असती का? अम्मी काही बोलली नाही.

मुलीला आम्ही आधी दिलाशाची गोष्ट सांगितली. स्तनाच्या शंभर कॅन्सरपैकी साधारण पाच ते दहाच असे वारशाने येतात. मात्र कमी वयात झालेला, एकाच बाजूच्या दोघीतिघींना झालेला, सोबत कुणाला अंडाशयाचा कॅन्सर, किंवा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, असं असेल तर तपासणीचा सल्ला घ्यावा. दोष सापडलाच तर ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात सत्तरच्या आसपास जाते. पण अशा स्त्रियांची पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफीही करतात. शस्त्रक्रियेचा पर्यायही असतो. पंधराव्या वर्षी तिने करण्यासारखं काही नाही, आणि तिची चाचणी अठराच्या आत करतही नाहीत.

जवळून ऐकत असलेल्या शेजारणीने विचारलं, फुफीने या मुलीला लहानपणी दूध पाजलं होतं, त्यातून आलं असेल का? नाही. दुधाचं नातं शरीयतेत मोठं, पण जनुक दुधातून जात नाही. चुलत-मामे भावंडांच्या लग्नाचंही तिने विचारलं. हा दोष यायला एकच बाजू पुरते. पण दोन्हीकडे बीआरसीए-२ चा दोष असेल तर मुलाला फँकोनी अ‍ॅनिमिया हा दुर्मीळ, गंभीर आजार होऊ शकतो. घराण्यात असा इतिहास असेल तर नात्यात रिश्ता ठरवण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

चाचणीचा क्रम असतो. आधी जिला आजार झाला तिची. फुफीची झाली आणि बीआरसीए-२ मध्ये दोष निघाला. टाटा रुग्णालयाच्या खारघरच्या केंद्रात आनुवंशिक कॅन्सरचा स्वतंत्र विभाग आहे हे तिच्या डॉक्टरांना माहीत होतं. पुढचा नंबर भावाचा, म्हणजे या मुलीच्या अब्बांचा. आणि तिथेच गाडी अडली.

अब्बा एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लाइनवर आहेत. तिथे 'लीन' पद्धत आहे: जादा माल नाही, जादा माणूस नाही. एक माणूस कमी झाला की लाइन लंगडते. "टीचर, सुपरवायझरला काय सांगू? बायकांच्या आजाराची टेस्ट करायचीय म्हणून?" तीन आठवडे ते हेच म्हणत राहिले. शेवटी फुफीने दम दिला तेव्हा गेले, चार माणसांसमोर पुटपुटत अर्धा दिवस मागितला. सुपरवायझर म्हणाला, "कारण नको, तारीख सांगा." त्या दिवशी तो स्वतः त्यांच्या जागी मशीनवर उभा राहिला. ही पद्धत ज्या टोयोटाकडून जगभर गेली, तिने २००१ मध्ये आपल्या कामाचे दोन खांब लिहून ठेवले, सतत सुधारणा आणि माणसांचा आदर. आमच्या नातलगांच्या कारखान्यांतून बहुधा पहिलाच खांब ऐकायला मिळतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. शाळांचंही फार वेगळं नाही. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेने मॅमोग्राफीची तारीख दोनदा पुढे ढकलली, कारण रजेच्या अर्जावर कारण तपशिलात लिहायला सांगितलं होतं.

अब्बांनी रक्त दिलं. मुलीने शजऱ्याची वही परत आणून दिली. दादीच्या नावापुढे आता खरा आजार लिहिलाय, फुफीच्याही. अब्बांच्या नावापुढची जागा मोकळी आहे. रिपोर्ट यायला अजून दोन आठवडे आहेत.