बोटांतला उजेड

परवा आमच्या घरातली एक पणती बिघडली. मातीची नव्हे, कन्येने संगणकावर तयार केलेली! बारावीनंतर तिला हीच विद्या शिकायची आहे आणि प्रवेशपरीक्षेचा अर्ज आठ दिवस माझ्या सहीवाचून टेबलावर पडला होता. "खोट्या दिव्यांनी कुणाचं घर उजळलंय?" असं मी ऐकवलं होतं. मराठीच्या प्राध्यापकाला अशी वाक्यं बरी साधतात.

"बाबा, ही पणती मेल्यासारखी का दिसते हो?" तिने विचारलं.

पडद्यावरच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या होत्या. कारण तिचं तिलाच सापडलं. ज्योत म्हणजे तिने नुसता एक बिंदू धरला होता. खऱ्या ज्योतीला आकार असतो, म्हणून सावलीची कड विरत जाते. शिवाय भिंतीवरून परतणारा उजेडही हिशेबात घ्यावा लागतो. त्याचं समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ साली मांडलं, हे ज्ञान मला तिच्याकडूनच मिळालं. सावल्या मऊ झाल्या. पण ज्योतीआडचा हात मात्र लाकडाचाच!

तेव्हा मला सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं चित्र आठवलं. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं. त्यासाठी त्यांची कन्या गीता दिवा घेऊन उभी राहिली होती.

"घरातले सगळे दिवे मालव," मी म्हटलं.

जरीपटक्यात असं काही गुपचूप होत नाही. शेजारच्या सिंधी आजींनी लगेच खिडकीतून विचारलं, "लाइट गई क्या, सर?"

मी खऱ्या पणतीआड हात धरला. बोटांच्या कडा डाळिंबासारख्या लाल झाल्या. उजेड कातडीत शिरतो, आत विखुरतो नि तांबूस होऊन बाहेर येतो. "याचंही गणित आहे, बाबा! २००१ सालचं, येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं," ती म्हणाली आणि कामाला लागली. "हात हलवू नका!"

तासाभराने माझा खांदा भरून आला, पण पडद्यावरच्या हातात रक्त खेळू लागलं होतं. एवढा वेळ तिने उजेडाकडे पाहिलं होतं. मी तर चाळिशी उलटेपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

मी अर्ज ओढून सही केली. सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "झालं असेल तर ती पणती दारात ठेवा. तेल संपत आलंय."