बोट उलटली तरी बुडू नये!

नवी पेठेतल्या मुलीने होड्यांवर लेख लिहावा म्हणजे जरा अतीच झालं, असं हॉस्टेलवाले म्हणणार. मान्य आहे. आमच्या पेठेत दुकानं, गर्दी आणि ट्रॅफिक एवढंच. पाणी बघायचं तर नळाला, नाहीतर सिद्धेश्वर तलावात. पण नळाला येतं ते पाणी उजनीचं असतं. त्याच उजनीच्या बॅकवॉटरवर करमाळा-इंदापूरकडची माणसं होडीतून मासे धरतात, पलीकडच्या गावाला जातात. म्हणजे विषय आपलाच आहे.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एकजण पोहून काठाला लागला. बाकीचे सहा जण गेले. त्यात दोन लहान मुलं होती. शोध घेतला तेव्हा बोट पाण्याखाली तळाशी सापडली.

अशा घटनेनंतर लाइफ जॅकेट, जास्त माणसं, परवानगी, पूल यांवर बोललं जातं. ते सगळं बरोबरच आहे. पण आपण इंजिनिअरिंगवाले. आपण अजून एक प्रश्न विचारायला पाहिजे. बोट तळाशी का गेली? पाणी भरलं तरी ती वर राहील अशी का बनवली नव्हती?

आर्किमिडीज आम्ही कॉन्व्हेंटात इंग्लिशमध्ये घोकला, तुम्ही मराठीत घोकला असेल. गणित तेच. समजा, फायबरची बोट १५० किलोची आहे. फायबर पाण्याच्या साधारण दीडपट जड. म्हणजे बुडाल्यावर तिचं वजन उरतं फक्त ५० किलो. इंजिनचे ३० धरा. पाण्यात गळ्यापर्यंत असलेल्या माणसाला वर राहायला ७ ते १० किलोचा आधार पुरतो, म्हणजे सात जणांचे ७० धरू. एकूण झाले १५०. आता एक लिटर फोमचं वजन ३० ग्रॅम, तो पाण्यात जवळपास एक किलो उचलतो. म्हणजे २०० लिटर फोम, एका ऑइलच्या बॅरलएवढा, भरपूर झाला. त्याचं स्वतःचं वजन फक्त सहा किलो! बोट लोखंडी पत्र्याची असेल तर जास्त लागेल, कारण १५० किलोचं लोखंड पाण्यात १३० किलोच्या आसपास भरतं. तिथे २५० लिटर धरा.

ही आयडिया काही माझी नाही. अमेरिकेत वीस फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींत असा फोम १९७० च्या दशकापासून कायद्याने सक्तीचा आहे. कयाकला ती सक्ती नाही, तरी तिकडचे हौशी मासेमार आपल्या प्लास्टिकच्या पोकळ कयाकमध्ये स्वतः फोम कोंबतात. कारण झाकणातून पाणी आत शिरलं की पोकळ कयाक पाण्याच्या पिंपासारखी जड होते. आत फोम असेल तर तेवढ्या जागेत पाणी मावतच नाही.

पण फोम कुठेही भरून चालत नाही. सगळा तळाशी घातला तर भरलेली बोट पालथी होते, कारण हलकी बाजू वर येणारच. तो दोन्ही कडांना, वरच्या अंगाला आणि बसायच्या फळ्यांखाली घट्ट बांधायचा. मग बोट पाण्याने भरली तरी सरळ राहते आणि माणसांना कडा धरता येते. आत चढायचं नाही, धरून राहायचं.

माल कोणता? नवी पेठेत टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगचा थर्माकोल ढिगाने निघतो. पण तो पेट्रोलने विरघळतो, फायबरच्या पॉलिएस्टर रेझिननेही विरघळतो, शिवाय भुगा होतो. त्यापेक्षा पॅकिंगचा पॉलिथिन फोम चांगला. तेही परवडत नसेल तर घट्ट झाकणाचे वीस लिटरचे दहा रिकामे कॅन. एक फुटला तरी नऊ राहतात.

कुणी म्हणेल, जॅकेट असताना हे कशाला? जॅकेट पहिलं, यात वादच नाही. पण मे महिन्याच्या उकाड्यात ते अंगावर किती जण ठेवतात? फोम कुणी अंगात घालायला लागत नाही, तो बोटीतच असतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. फोम आहे म्हणून नावाडी अजून चार माणसं चढवेल. म्हणून बोटीवर माणसांचा आकडा मोठ्या अक्षरात रंगवलाच पाहिजे.

त्या संध्याकाळी फोम असता तर सगळे वाचले असते, असं मी म्हणत नाही. तान्ह्या मुलाला कडा धरता येत नाही. फोम वादळ थांबवत नाही, उलटणंही थांबवत नाही. पण खोल पाण्यात धरायला काहीतरी असणं आणि काहीच नसणं, यात जीवाचा फरक आहे.

फायनल इयरला आपण काय करतो? रेडीमेड प्रोजेक्ट आणतो, बाइंडिंग करतो, व्हायवा झाला की माळ्यावर टाकतो. त्याऐवजी मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या चौघांनी एक जुनी होडी घ्यावी, कंबरभर पाण्यात ती मुद्दाम भरावी, माणसांऐवजी वाळूची पोती लावावीत आणि किती लिटरला ती वर राहते ते मोजावं. सरांनी त्याला मार्क द्यावेत. आणि तो रिपोर्ट माळ्यावर नको, कुगावच्या काठावर मराठीत वाचून दाखवावा. बघा, पटतंय का!