चोखंदळांची लोकशाही

ज्याला मताची चाड आहे तो मतदारयादी आपणच शोधून काढील, ज्याला नाही त्या अडाण्याला हात धरून केंद्रावर नेणे ही लोकशाहीची विटंबना होय, आणि बारामती-इंदापुरात निकाल आधीच ठरलेला असल्यामुळे मतदार-जागृतीची ही सारी यातायातच निरर्थक होय, असा त्रिविध सिद्धान्त एका विद्वान गृहस्थांनी नुकताच मोठ्या आत्मविश्वासाने प्रतिपादन केला. यांतील दोन प्रमेयांची वासलात लवकर लागते. ठरलेल्या निकालाविषयी म्हणाल, तर 2024 च्या मे महिन्यात लोकसभेला या दोन्ही तालुक्यांनी ज्या पक्षाला आघाडी दिली, त्याच पक्षाला नोव्हेंबरात विधानसभेला दोन्ही ठिकाणी पराभूत केले. आणि 2019 साली इंदापूरची विधानसभेची जागा अवघ्या तीन हजारांच्या आसपास मतांनी गेली, जी गावोगाव वाटून पाहावी तर एकेका गावाच्या वाट्याला मूठभरच येतात. अडाणीपणाचा वाद तर संविधानाच्या 326 व्या अनुच्छेदाने कधीच निकालात काढला. त्यापूर्वी सारा भरणाऱ्या व शिकलेल्या मोजक्या लोकांनाच मत असे. त्या सुवर्णयुगाची आठवण ज्यांना व्याकूळ करते त्यांनी ती खुशाल काढत बसावे.

राहिले ते ‘आपणच शोधील’ हे ब्रह्मवाक्य. निमगाव केतकीची लेक मोरगावला सासरी येते. तिचे नाव माहेरच्या यादीत राहते, आणि ते हलविण्यासाठी नमुना 8 चा अर्ज लागतो, हे तिला मतदानाच्या सकाळी केंद्राच्या दारात कळते. हाती छायाचित्राचे ओळखपत्र असले म्हणजे मत मिळालेच, अशी भल्याभल्यांची समजूत असते. वास्तविक यादीत नाव नसेल तर त्या कार्डाचा काडीइतका उपयोग नाही, आणि नाव असेल तर वाहनपरवाना किंवा रोजगार हमीचे ओळखपत्रही चालते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या पोरांच्या नोंदणीसाठी 2022 पासून वर्षातून एकाऐवजी चार अर्हता-दिनांक आहेत, ही गोष्ट आमच्या विद्वानांच्या स्वतःच्या घरी तरी ठाऊक आहे काय? आणि सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या कारखान्यांसाठी बीडकडून येणारा ऊसतोड मजूर! नाव त्याच्या गावच्या यादीत, बिऱ्हाड आमच्या शिवारातल्या कोपीत, उचल मुकादमाकडून घेतलेली, आणि 2024 चे विधानसभेचे मतदान आले 20 नोव्हेंबरला, म्हणजे ऐन गाळपाच्या तोंडावर. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी असा कायदा आहे खरा. पण गावी जाऊन परत यायला दोन दिवस लागणाऱ्या माणसाला कायद्याने एक दिवस दिला, आणि तोही त्याच्यापर्यंत पोहोचविणाऱ्या मुकादमाची मर्जी असेल तर! अशा माणसाला अनास्थेचे प्रशस्तिपत्र देणे फार सोपे आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी उत्तरेकडील प्रांतांत सुमारे 28 लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढीच त्यांची नोंद झाली होती. त्याही वेळी एखाद्या चोखंदळ गृहस्थाने हेच म्हटले असेल की, बायकांना मताची हौसच नाही.

करायचे काय, याचे माझे उत्तर त्या मानाने साधे आहे. यादीचे चावडीवाचन नावापुरते न उरकता ग्रामसभेत संथपणे व्हावे, तेही उमेदवारी अर्जांची मुदत संपण्याच्या पुष्कळ आधी, कारण त्यानंतर यादीत नवे नाव चढत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने कोरे नमुने बरोबर आणावेत, आणि गावातल्या दोन लिहित्या पोरांनी ते तिथेच भरून द्यावेत. मत कोणाला द्यावे, याविषयी त्या पोरांनी अवाक्षर काढू नये. तोडकऱ्यांच्या तळावर त्यांच्या गावच्या यादीचे वाचन सायंकाळी, फड सुटल्यावर करावे. दुपारी केले तर ऐकायला एकटा मुकादमच भेटेल.